डाव्या हाताची रायफल

टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या आमच्या घरातली सगळ्यात थंड खोली बंदुकांची होती. बाहेर अंगाला चिकटणारी दमट हवा, गराजचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरायची. आई स्वयंपाकघरात नॅपकिननं मान पुसत पोळ्या लाटायची, आणि जिन्याखालच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत मात्र बाबांनी वेगळा एसी बसवलेला. शिवाय हवेतला ओलावा ओढून घेणारं एक यंत्र, दिवसभर घुर्र घुर्र करणारं. "लाकूड फुगतं," बाबा म्हणायचे. "माणसं फुगली तरी चालतील," आई आतून म्हणायची. घरी नवे पाहुणे आले की आई त्यांना घर दाखवायची, पण ते दार टाळून. एकदा गणपतीला आलेल्या एका काकूंनी बाथरूम समजून चुकून तेच दार उघडायला घेतलं. कुलूप होतं म्हणून बरं. "तिथे काय स्टोअर रूम आहे का?" त्यांनी विचारलं. "हो, ह्यांचा पसारा," आई म्हणाली आणि त्यांच्या हातात मोदकाची ताटली दिली.

बाबा तेलाच्या कंपनीत इंजिनियर होते. मूळचे चंद्रपूरकडचे. त्यांचे वडील जंगलखात्यात कारकून, त्यामुळे लहानपणी त्यांनी मोठ्या साहेबांच्या शिकारीच्या बंदुका लांबून पाहिल्या होत्या. हातात घ्यायला कुणी दिल्या नसणार. बाबांना दुसरा कसलाही शौक नव्हता. गाडी जुनी, शर्ट आईनं सेलमध्ये आणलेले. पण रायफल दुकानातून उचलून आणलेली त्यांना चालायची नाही. ती घडवून घ्यायची. यंत्रणा एकाकडून, नळी दुसऱ्याकडून, दस्त्याचं लाकूड स्वतः निवडलेलं, आणि मग हे सगळं सॅन अँटोनियोच्या वरच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या ऑटो नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडे नेऊन द्यायचं आणि वाट बघत बसायचं. हत्तीच्या, रानरेड्याच्या शिकारीसाठी घडवतात तशा या दणकट रायफली. आमच्याकडे त्या तिजोरीत हिरव्या मखमलीवर ओळीनं उभ्या असायच्या आणि दर रविवारी त्यांना तेल लागायचं.

ते तेल जवसाचं. बाबा बोटांच्या टोकांवर दोन थेंब घ्यायचे आणि दस्त्यावर इतक्या हळू चोळायचे, की तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालताहेत असं वाटावं. जवसाचा तो कडवट, उबदार वास आणि स्वयंपाकघरातून येणारा आईच्या जवसाच्या चटणीचा वास एकच, हे मला फार उशिरा कळलं. नऊ वर्षांची असताना मी पुण्याहून अमेरिकेत आले. पुढची काही वर्षं माझ्यासाठी रविवार म्हणजे आधी आईसमोर बसून पानभर मराठी शुद्धलेखन, मग बाबांच्या खोलीत जुन्या धोतराचा तुकडा घेऊन नळ्या पुसणं, आणि मग पिठलं-भात. मी रायफलींना नावं ठेवली होती. मधाच्या रंगाच्या दस्त्याची ती गूळ, काळपट ती काकवी. बाबा फोनवर ऑटोला सांगायचे, "काकवी नीड्स अ न्यू साइट," आणि तिकडे तो म्हातारा खो खो हसायचा. बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, मागे ओढून पुढे ढकलला की जो आवाज व्हायचा, घट्ट आणि तेलकट, त्यावरून मी डोळे मिटून कोणती रायफल ते ओळखायचे. माझ्या वर्गातल्या मुली मॉलमध्ये जायच्या तेव्हा मी हे करत होते, आणि मला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. आज साठीच्या घरात असताना मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या माझ्या बर्फात बुडालेल्या घरात बसून लिहिताना वाटतं, बाबांबरोबर सलग इतका वेळ नंतर कधीच मिळाला नाही.

आईचं आणि या बंदुकांचं एका अटीवर जमलं होतं. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली, की मी ती डोळ्यांनी पाहिली आहे असंच मला वाटतं. पहिली रायफल घरी आली तेव्हा आईनं बाबांना देवघरासमोर उभं केलं. आमचं देवघर म्हणजे पॅन्ट्रीतला मधला कप्पा, वर तांदळाची पोती, खाली डाळी. "यानं एकही जीव जाणार नाही असं म्हणा," आई म्हणाली. बाबा म्हणाले. आई जन्माची शाकाहारी, मुंगीसुद्धा कागदावर घेऊन अंगणात सोडणारी. बाबा बाहेर गोमांसाचं ब्रिस्केट खायचे हे तिला ठाऊक होतं आणि चालत होतं. पण मारणं वेगळं. बाबा पाहुण्यांनाही तेच सांगायचे, "आय ॲम अ कलेक्टर, नॉट अ हंटर." रेंजवर जाऊन कागदी लक्ष्यावर नेम धरायचा, घरी आणून पुसून ठेवायचं, संपलं. मला त्याचा अभिमान होता. वर्गातल्या मुलांचे वडील हरणं मारून पिकअपमध्ये टाकून आणायचे. आमचे बाबा नाही.

मी डावरी आहे. पुण्यात असताना प्रसादाला डावा हात पुढे केला की चापटी बसायची. इथे शाळेत कात्री उलटी, वही उलटी. रेंजवर बाबांच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. बोल्ट पलीकडच्या बाजूला, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर मला हात वरून ओलांडून न्यावा लागायचा. एक दिवस बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चल, तुझ्यासाठी एक घडवू या. डाव्या हाताची." मी पंधरा वर्षांची होते. ऑटोच्या वर्कशॉपमध्ये त्यानं माझा हात कोपरात वाकवून माप घेतलं, खांदा पाहिला, गालाचं हाड पाहिलं. शिंप्यानं ब्लाउजचं माप घ्यावं तसं. मग मागच्या शेडमध्ये तुर्कस्तानातून आलेल्या अक्रोडाच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या, त्यांतली एक निवडायला सांगितलं. मी फळी ओली करून पाहिली, रेषा वर आल्या. काळ्या, तपकिरी, वळणं घेत एका ठिकाणी भोवरा झालेल्या. "ही," मी म्हटलं. बाबा म्हणाले, "बघ हं, आयुष्यभर तुझ्याकडे राहणारेय." ती थर्टी-ऑट-सिक्स बोअरची रायफल तयार व्हायला दीड वर्ष गेलं. ऑटोनं ती पहिल्यांदा माझ्या हातात दिली आणि मी खांद्याला लावली, तेव्हा गाल आपोआप दस्त्यावर टेकला आणि डावा हात आपोआप बोल्टवर गेला. जगातली एक तरी वस्तू माझ्या हाताकडे बघून केलेली आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मी रडले. बाबांनी ऑटोला सांगितलं, "शी लाइक्स इट."

मी नेम चांगला धरत होते. बाबांपेक्षाही चांगला, ते स्वतःच सांगायचे. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला जे वाटायचं ते मला वाटू लागलं. एका रविवारी तेल लावता लावता मी विचारलं, "बाबा, आपण एकदा खरंच जाऊ या का शिकारीला? बड अंकल जातात तसं? एकदाच."

बड अंकल म्हणजे बाबांचे तिथले जिवलग मित्र, विहिरी खोदायचा धंदा असलेला एक उंचापुरा टेक्सन. ऑटोच्याच वर्कशॉपमध्ये दोघांची ओळख झाली होती. ते दरवर्षी आफ्रिकेत शिकारीला जायचे.

बाबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मनू, मी तुझ्या आईला शब्द दिलाय."

"पण मी नाही दिला."

"तू माझी मुलगी आहेस. माझा शब्द तोच तुझा."

इतकं गंभीर ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला एकाच वेळी वाईटही वाटलं आणि फार मोठं झाल्यासारखंही. मी पुन्हा विचारलं नाही. बड अंकलचा मुलगा कोडी शाळेतल्या सुट्टीत हरणाची शिकार करून आल्याचं सांगायचा, तेव्हा मी म्हणायचे, "वी डोन्ट डू दॅट." त्यातही एक रुबाब असायचा.

बाबा कामासाठी अधूनमधून परदेशी जायचे. स्कॉटलंडला, नॉर्वेला, समुद्रातल्या तेलविहिरींवर. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात नेहमीप्रमाणे बंदुकांच्या खोलीला कुलूप लावून तीन आठवडे गेले आणि उन्हानं रापून परत आले. "नॉर्वेत एवढं ऊन?" मी विचारलं. "समुद्रावर असतं," ते म्हणाले. पुढच्या रविवारी मी माझी रायफल खांद्याला लावली तर काहीतरी चुकत होतं. दस्ता लांब वाटत होता. पाहिलं तर मागची रबराची गादी बदललेली, चांगली जाड. "तू वाढतेयस ना," बाबा म्हणाले, "म्हणून ऑटोला लांबवायला सांगितलं. अंगाला येईल हळूहळू." मी तेव्हा वाढायची थांबले होते. पण बाबांना मी अजून वाढणार आहे असं वाटतंय, याचा मला इतका आनंद झाला की मी तो लांब दस्ता खांद्याला तसाच रेटत राहिले. बरेच दिवस खांदा दुखायचा.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बड अंकलनी आम्हाला त्यांच्या रँचवर बोलावलं. आई आली नाही. तिथे जेवणात मीठसुद्धा मांसाच्या हातानं पडतं, असं ती म्हणायची. तिनं माझ्यासाठी दशम्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली. तीन तासांचा रस्ता, दोन्हीकडे ओकची बुटकी झाडं आणि वाळलेलं गवत. पोचलो तेव्हा बाबा आणि बड अंकल बिअर घेऊन कुंपणाकडे गेले, आणि कोडी मला म्हणाला, "डॅडनी नवी ट्रॉफी रूम बांधलीय. बघायचीय?" तो माझ्याहून वर्षभरानं मोठा, खांद्यांनी रुंद, साधा, सरळ मुलगा. त्याच्या मनात काहीही नव्हतं, हे मी आजही मानते.

खोलीत नव्या लाकडाचा वास होता. भिंतीवर पेंढा भरलेली डोकी. रानडुक्कर, झेब्रा, आणि समोरच्या भिंतीवर मध्यभागी एक प्रचंड रानरेडा, शिंगं कपाळावर शिरस्त्राणासारखी जुळलेली, ओले वाटणारे काचेचे डोळे. मी त्याच्यासमोर उभी राहिले. कोडी म्हणाला, "दॅट्स युवर डॅड्स."

"माझ्या बाबांचा म्हणजे?"

"त्यांनीच मारला. काय शॉट होता! तो अंगावर येत होता, आणि तुझे बाबा जागचे हलले नाहीत." त्याचा चेहरा कौतुकानं फुलला होता. "तुमच्या घरी लावता येत नाही ना, म्हणून आमच्याकडे ठेवलाय." मग त्यानं बाजूच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पीळदार शिंगांचं एक हरीण होतं, मान जराशी वळवलेली. "आणि हा कुडू माझा. अरे हो, तुला थँक्स म्हणायचं राहूनच गेलं. तुझी रायफल काय मस्त चालते गं! डाव्या हाताची कुठे मिळतच नाही. तुझ्या बाबांनी दस्तासुद्धा माझ्या मापाचा करून घेतला."

कोडी डावरा होता. हे मला माहीत होतं. त्याला बेसबॉल फेकताना मी कितीदा पाहिलं होतं.

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. "यू आर वेलकम" म्हटलं असणार, तशी सवय असते. बाहेर बड अंकलच्या बायकोनं मला पेकन पाय हा गोड पदार्थ वाढला, मी तो खाल्ला. कुंपणाशी बाबा काहीतरी सांगत होते, दोन्ही हात लांब करून. बड अंकल हसत होते. बाबांना इतकं मोकळं हसताना मी घरी कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर शहराचे दिवे दिसू लागले. मग मी म्हटलं, "कोडीनं मला थँक्स म्हटलं."

बाबांनी रेडिओ बंद केला.

"ती पडून होती, मनू," ते म्हणाले. "रायफल पडून राहिली तर तिचा काय उपयोग? आणि त्या मुलाला डाव्या हाताची..."

"मी पण विचारलं होतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही आईचा शब्द सांगितलात."

"दिला होता ना शब्द."

"मग?"

"मग काय! माणसाला एखादी गोष्ट आयुष्यात एकदा करून बघावीशी वाटते."

"मला नाही वाटत?"

घराच्या वळणावर बाबा गाडी थांबवून म्हणाले, "आईला सांगू नकोस. तिला सहन नाही होणार." त्यांचा आवाज खरोखर कापरा झाला होता. मी मान डोलावली. त्या क्षणी मला त्यांची कीव आली, आणि आईची तर फारच.

त्यानंतरचे काही आठवडे मी आईला जपत होते. ती मुंगी कागदावर घेऊन दारापर्यंत जाताना दिसली की मी पुढे होऊन दार उघडायचे. ती पॅन्ट्रीत दिवा लावून हात जोडायची आणि मी तोंड फिरवायचे. रविवारी अभ्यासाचं कारण काढून मी त्या थंड खोलीत जाणं बंद केलं. बाबा एकटेच तेल लावत बसायचे. माझ्या ताटात अन्न उरायला लागलं. एका दुपारी आई साबुदाणा वडे तळत होती, मी शेजारी दाणे सोलत होते. तिनं विचारलं, "काय झालंय तुला? कॉलेजचं टेन्शन आहे का?" आणि माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. रानरेडा, कोडी, नॉर्वे नव्हे ते आफ्रिका, गाडीतलं बोलणं. सांगताना तिचा हात धरून ठेवला होता, ती कोसळली तर सावरायला.

आईनं झाऱ्यानं वडे उलटले. गॅस बारीक केला.

"माहितीय मला," ती म्हणाली.

"काय माहितीय?"

"पहिल्यांदा गेले तेव्हाच सांगितलं त्यांनी. खोटं नाही बोलत ते माझ्याशी. विचारून जातात."

"आणि तू जा म्हणालीस? देवासमोर शब्द घेतला होतास तू!"

"तेव्हा घेतला होता. नंतर कळलं, हे त्यांच्या आतलंच आहे. अडवून अडवलं असतं तर घरात कुढत बसले असते." तिनं वडे टिपकागदावर काढले. "मी एवढंच म्हटलं, तुम्ही जा, पण मनूला न्यायचं नाही. तिला ह्याची गोडी लागता कामा नये. तुला ते काय सांगतील ते सांगोत, माझं नाव घेऊन सांगितलं तरी चालेल, असं मीच म्हटलं."

"म्हणजे हे दोघांनी मिळून ठरवलंत."

"तुझ्या भल्यासाठी."

"आणि माझी रायफल? ती कोडीला द्यायची, हेही तुला माहीत होतं?"

"ते विचारत होते, देऊ का म्हणून. पडूनच होती ना," आई म्हणाली. अगदी बाबांचेच शब्द.

मी उठून अंगणात गेले. दुपारचं ऊन होतं, शेजारच्या घराचा एसी धडधडत होता. मला बाबांचा राग येऊन येऊन संपला होता, पण हा वेगळा होता. ज्या आईला वाचवण्यासाठी मी आठवडेच्या आठवडे गिळत होते, ती यात होतीच. बड अंकल, त्यांची बायको, कोडी, ऑटोसुद्धा. त्यानं दुसऱ्या मुलाचं माप घेऊनच तो दस्ता लांबवला होता. सगळ्यांना ठाऊक होतं. त्या घरातला तो शब्द पाळणारी मी एकटीच होते, आणि तो मी दिलेलाही नव्हता.

मग गाडीत तो कापरा आवाज कशासाठी होता, हे मी आजवर स्वतःला विचारत आले आहे. कदाचित मी आईशी बोलले तर आईचा वाटा उघडा पडेल, याची त्यांना भीती असेल. आपली अब्रू वाचवावी म्हणून नव्हे, तर मला निदान एक तरी माणूस विश्वास ठेवायला उरावा म्हणून. मला मुलं झाल्यावर मी या अंगानं विचार करू लागले. पण तेव्हा हे सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्णपणे पटत नाही.

शाळा संपली त्या उन्हाळ्यात बाबा जेवणाच्या टेबलावर म्हणाले, "या वेळी तू चल. आईशी बोललोय मी." आईनं मान हलवली आणि माझ्या पानात आमटी वाढली. दस्ता पुन्हा माझ्या मापाचा करून आणू, असंही म्हणाले. मी म्हटलं, "मला नको."

"तुला हवं होतं ना?"

"हवं होतं."

त्या वेळेपासून बाबांनी घरात सगळं उघड बोलायला सुरुवात केली. शिकारीला जातोय म्हणून सांगून जायचे, आल्यावर कुठे तंबू होता, काय खाल्लं, नेम कुठे चुकला, सगळं सांगायचे, मी न विचारता. मी मिनेसोटाला कॉलेजला निघून आले तरी फोनवर सांगायचे. मी "हो", "अच्छा" म्हणत ऐकायचे. ते खरं बोलत होते, हे मला कळत होतं, पण खरं वाटत नव्हतं.

पुढे मी पॅथॉलॉजिस्ट झाले, लग्न झालं, मुलं झाली. बाबा सत्तरी ओलांडून गेल्यावर एकदा आईचा फोन आला, की त्यांच्या छातीत दुखलं म्हणून हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, किरकोळ आहे, येऊ नकोस. मग बाबांनी फोन घेतला आणि तेच सांगितलं. "अगं, गॅसेस निघाले. उद्या सोडणारेत." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि विमानाचं तिकीट काढलं.

ह्यूस्टनला उतरून सरळ हॉस्पिटलमध्ये गेले. वर जायच्या आधी खाली ओळख सांगून डॉक्टरांना गाठलं, रिपोर्ट स्वतः पाहिले. सगळं ठीक होतं. गॅसेसच होते. खोलीत गेले तर बाबा पलंगावर बसून आईनं घरून आणलेली खिचडी खात होते. मला बघून त्यांचा चमचा थांबला. आई म्हणाली, "अगं, सांगितलं होतं ना येऊ नकोस म्हणून!"

बाबांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "खात्री करायला आलीस ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पाय जवळ घेतले आणि पलंगावर मला बसायला जागा करून दिली.